कळंब्याची शाखा बंद करताना

३ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी अण्णांनी दिली. हिरवा पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरांत ‘अव्वाज् – प्युअर व्हेज फॅमिली डायनिंग’ आणि खाली आमच्या चार शाखा : राजारामपुरी, कळंबा, सांगली, निपाणी. गिऱ्हाइकांना वाटायला पाचशे छापून घेतल्या होत्या. साडेचारशे अजून माळ्यावर पडून आहेत.

“रोज काय काय बंद केलंस ते ह्याच्यात लिहीत जा,” अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर, शिवकुमार. हॉटेलांचा सगळा पसारा त्यांचाच. माझे यजमान, संगमेश, हिशोब बघतात. आणि जिच्या नावाने हे चाललंय ती अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई चन्नम्मा, घरी खुर्चीत बसून असते. चारपैकी एकाही शाखेत ती अजून जेवलेली नाही.

चारही शाखा तोट्यात आहेत. सगळ्यांत जास्त कळंबा. काल घरातली सगळी बसली आणि ठरलं की कळंबा बंद करायची. जागेचे मालक नृसिंहराव यांना पाडव्याला नवा भाडेकरू बसवायचाय. पाडवा तीस मार्चला, एकोणतीसला अमावस्या, म्हणून त्यांना किल्ली अठ्ठावीसला हवी. पण बंद करायला जाणार कोण? अण्णांना उरलेल्या तिन्ही शाखांतून डोकं वर काढता येत नाही.

अव्वा म्हणाली, “सौंदर्याला सांगा की.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचंही चुकलं नाही. या घरात येऊन मला बावीस वर्षं झाली आणि माझी ख्याती एकच आहे, मी हातात घेतलेलं पुरं करत नाही. एका बाहीचा स्वेटर आहे. सासरच्या भाषेची, कन्नडची, गिरवलेली पहिली तीन पानं आहेत. हार्मोनियमही आहे, तिच्यावर सध्या इस्त्रीचे कपडे असतात.

“जमंल?” अण्णांनी विचारलं.

“जमेल,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

अव्वाने एकच अट घातली. आमच्यात ताटात शीत टाकत नाहीत. जेवण झालं की ताटात पाणी घ्यायचं, बोटाने ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अव्वा म्हणाली, “स्वयंपाकघर बी तसंच मिटवायचं. कोठीतला दाणा टाकायचा न्हाय, वाण्याला परत द्यायचा न्हाय. सगळं माणसांच्या पोटात गेलं पायजे. मग कुलूप लाव.”

बरोबर आहे तिचं. एवढं एक काम मी शेवटपर्यंत नेणार आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

गारगोटी रस्त्याला, तळ्याच्या अलीकडे आमची शाखा आहे. काचेचं दार, आत एसी, मरून रंगाचे सोफे आणि एकशे चाळीस पदार्थांचा मेनू. दोन्ही आचारी कालच राजारामपुरीला पाठवले, कारण इथे शिजत काहीच नाही. भाजीच्या रश्श्याच्या पिशव्या आणि भाकऱ्या राजारामपुरीहून टेंपोने येतात, इथे फक्त गरम करायच्या. राहिली दोनच माणसं. विरूपाक्ष हा कॅप्टन, म्हणजे वाढप्यांवरचा, पन्नाशीचा, निपाणीकडचा, गळ्यात टाय. आणि झुंबरबाई, भांडी घासायला.

कोठी मोजली. ज्वारीचे आठ कट्टे, म्हणजे पोती (दिवाळीत स्वस्त मिळाली म्हणून अण्णांनी घेऊन ठेवलेले, राजारामपुरीत जागा नव्हती), शेंगदाण्याचे चार, साबुदाणा एक, गूळ, हरभराडाळ, मटकी. सात आठवड्यांत हे संपवायचंय.

आज बंद केलं : घरपोच मागवायचं ते ॲप. त्याचं यंत्र दर पाच मिनिटांनी टुंग करायचं आणि विरूपाक्ष दचकून पळायचा. संध्याकाळी तो म्हणाला, “मॅडम, आज दोन गिऱ्हाइकांची त्वांडं बघितली मी. बरीच म्हातारी हायत की आपली गिऱ्हाइकं.”

८ फेब्रुवारी, शनिवार

आज काढलं : काचेचं दार. एका कापडदुकानवाल्याने नेलं. आता नुसतं शटर आहे, दिवसभर सताड उघडं. धूळ येते.

दार काढून माणसं गेली असतील नसतील, एक म्हातारी पायरीशी येऊन उभी राहिली. हातात पिशवी, डोईवर पदर.

“हितली बँक उठली व्हय?”

विरूपाक्ष म्हणाला, “बँक न्हाय ओ मावशी. हाटेल हाय.”

“हाटेल? आगं बाई! आन् मी वरीसभर त्या समोरल्या दगडावर बसून भाकरी खाती की! काचंतनं तू गळ्यात पट्टा घालून हुबा. मला वाटलं, हितं आंगठा लावल्याबिगर आत घेत न्हाईत.”

तिचं नाव शालूबाई. राधानगरीच्या पलीकडून येते, मुलाला भेटायला. तुरुंग इथून जवळच आहे. ‘मुलगा’ म्हटल्यावर ती थांबली, आम्हीही पुढे विचारलं नाही. ती सोफ्याच्या अगदी कडेवर बसून जेवली. जाताना आणखी चारजणांना हाक मारून गेली, “या गं, बँक न्हाय ती!”

आज सतरा ताटं गेली. एरवी शनिवारी नऊ जातात. काही लग्नबिग्न असेल आसपास.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एसी आणि सोफे गेले. मग लोकांना बसवायचं कशावर? विरूपाक्षच्या ओळखीत एक शिकवणी वर्ग बंद पडलाय, तिथले बाक त्याने स्वस्तात आणले. बाकांवर कर्कटकाने कोरलेलं आहे. एकावर ‘सर झोपले’, एकावर बदाम, त्यात बाण.

सोफ्यावर चारजण बसायचे. आज एका बाकावर मुधाळकडचं सातजणांचं कुटुंब बसलं, सगळी एका रांगेत, शाळेत बसल्यासारखी. त्यांतले आजोबा मला म्हणाले, “बाई, हजेरी घेणार की जेवाय वाढणार?”

एसी बंद झाल्यावर तळ्याकडचं वारं येतं हे आजच कळलं. दीड वर्षं आम्ही त्या वाऱ्याकडे पाठ करून विजेचं बिल भरत होतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजपासून टेंपो बंद. डिझेल, चालक, सगळा खर्च वाचला. भाकरीचं काय, हे माझ्या ध्यानात सकाळी साडेदहाला आलं.

झुंबरबाई मोरीतून ओरडल्या, “भाकरी येनार न्हाय म्हंजे? लोकं काय बाक खानार?”

“तुम्ही कराल का?”

“मी भांडी घासाय हाय.”

“दोन्हीचा पगार देईन.”

हात पुसत त्या बाहेर आल्या. “टेंपूतली भाकरी रोज ताटातनं मीच काढायची. निम्म्या तशाच. टोपलीभर जायाच्या रोज. गाय बी वास घेऊन मान फिरवायची.”

मी खाली बसले. दीड वर्षं आमच्या हॉटेलातून रोज टोपलीभर भाकरी टाकली जात होती. हे अव्वाला सांगायचं धाडस मला होणार नाही.

झुंबरबाईंनी मागचं स्वयंपाकघर बघितलं आणि नाकाला पदर लावला. “ह्या भट्टीत मी बसनार न्हाय. मी दारात बसनार, वाऱ्याला.”

“दारात? अहो, येणाजाणाऱ्यांना दिसेल.”

“मग काय झालं? चोरी करनार हाय व्हय मी?”

मला अवघडल्यासारखं झालं. ‘फॅमिली डायनिंग’च्या पाटीखाली शेगडी, परात आणि पीठ सांडलेलं. पण सहाच आठवड्यांचा प्रश्न आहे. अण्णा इकडे फिरकत नाहीत, हे एक बरं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काम झपाट्याने पुढे चाललंय. ज्वारीचे तीन कट्टे संपले! इतक्या लवकर संपतील असं वाटलं नव्हतं. गिरणीवाला विचारतो, घरात कार्य आहे का.

मेनू आता असा (भाकरी झुंबरबाईंची, बाकी मी रांधते) : भाकरी, पिठलं किंवा मटकीची उसळ, शेंगाची चटणी, दही, कांदा, शेवटी भात-आमटी. रश्श्याच्या पिशव्याच येत नाहीत, मग दुसरं करणार काय? आपण फारच कमी देतोय असं मला सारखं वाटतं. मी प्रत्येक बाकापाशी जाऊन सांगते, “एवढंच आहे हं आज.” लोक मान वर न करता म्हणतात, “असू द्या की.”

झुंबरबाईंच्या तोंडाची मात्र काळजी वाटते. त्या गिऱ्हाइकांना बोलतात. आज तळ्यावर फिरायला येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना म्हणाल्या, “अर्धी पुरं? कालच्याला अडीच खाल्लीसा. घरात भांडान झालंय जनू!” मास्तरांनी निमूट दुसरी घेतली. मी जाऊन माफी मागितली, तर ते म्हणाले, “छे हो, खरंच झालंय.”

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. आज उपास, कोण येतंय, म्हणून मी बंद ठेवायचं म्हणत होते. पण साबुदाण्याचा कट्टा संपवायला याहून चांगला दिवस मिळणार नव्हता. रात्रीच भिजत घातला. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत खिचडी. शेंगदाणेही एक कट्टाभर गेले.

विरूपाक्षने आज टाय घातला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, “अक्का, वाढताना आमटीत बुडतोय त्यो.”

साबुदाण्याचा डबा धुऊन उलटा ठेवला. पहिला रिकामा डबा. किती बरं वाटलं!

२ मार्च, रविवार

एक अडचण आलीय. ज्वारी काल संपली. शेंगदाणे मात्र दोन कट्टे आहेत. नुसते शेंगदाणे लोकांना कसे वाढणार? भाकरीशिवाय चटणी खपत नाही. तेव्हा चार कट्टे ज्वारी आणली. शेंगदाणे संपवण्यापुरतीच.

रात्रीच्या जेवणाला संगमेशना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

“म्हणजे हॉटेल बंद करायला तू ज्वारी विकत आणलीस?”

“शेंगदाणे संपवायला.”

“आणि ज्वारी उरली तर?”

“नाही उरणार. मी मोजून आणलीय.”

त्यांनी अव्वाकडे पाहिलं. अव्वा ताट धुऊन पाणी पीत होती. ताट खाली ठेवून म्हणाली, “बराबर केलीस.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ठसका लागला असावा.

७ मार्च, शुक्रवार

ज्वारी उरली. शेंगदाणे संपले. (मटकी मध्येच कधी संपली, त्या जागी चवळी आणली होती. ती अर्धी आहे.)

एक कट्टा शेंगदाणे आणले.

लोकांना अंधारात ठेवणं मला पटत नाही. काहीजण महिन्याचं जेवण लावायला बघतात. जवळच्या शाळेतल्या सहा बाई आणि ते मास्तर पैसे घेऊन आले होते. तेव्हा एक पाटी रंगवून बाहेर लावली : ‘ही शाखा २८ मार्च रोजी बंद होत आहे. कृपया नोंद घ्यावी.’ अक्षर चांगलं आलंय. ही पाटी मी एका दिवसात पुरी केली.

१० मार्च, सोमवार

पाटीमुळे घोटाळा झाला. आता सगळेच येतात. एखादी गोष्ट बंद होणार म्हटलं की लोकांना तिची ओढ लागते, असं असेल. आज तर माणसं बाहेर उभी होती. विरूपाक्षने आणखी चार बाक आणले.

झुंबरबाईंनी आपली बहीण चिमणाबाई हिला मदतीला बसवलं. मला न विचारता. आता दारात दोन पराती आहेत आणि दोघी बहिणी येणाऱ्याजाणाऱ्याला मिळून बोलतात.

शालूबाई आल्या होत्या. आज आधी आत येऊन त्यांनी स्वतःच दोन ताटं उचलून मोरीत नेली. “बसा हो,” मी म्हटलं. म्हणाल्या, “तिकडं भेटीला गेलं की मला बसाच म्हन्त्यात, बाकड्यावर. हितं जरा हात चालू द्या.”

१३ मार्च, गुरुवार

अण्णांची गाडी दिसली. रस्त्यापलीकडे, आंब्याखाली. काचा वर. दारातल्या पराती, ‘सर झोपले’चे बाक, बाहेर उभी असलेली गर्दी, सगळं त्यांना दिसत असणार. वीस मिनिटं गाडी तिथेच होती. मग काच थोडी खाली झाली. पुन्हा दहा मिनिटं. मग गेली.

ते माझ्यावर लक्ष ठेवून आहेत. बरोबरच आहे. सव्वा महिना झाला आणि माझी कोठी अजून भरलेलीच.

१५ मार्च, शनिवार

आज अण्णा आत आले. “कट्टे मोजाय आलोय,” म्हणाले. किती बारीक झालेत! सांगलीच्या शाखेने त्यांची झोप उडवलीय, संगमेश सांगत होते.

मी कोठीकडे निघाले तर ते दारातच थांबले. झुंबरबाईंनी तव्यावरची भाकरी शेगडीवर टाकली, ती टम्म फुगली.

“पावणं, मधी हुबं ऱ्हाऊ नका. एक तर आत जावा न्हाय तर भाईर.”

विरूपाक्ष आतून धावत आला. “झुंबराक्का, मालक हायत ते!”

“मालक? मग बसा की मालक. तुमी बी जेवल्याबिगर थोडंच ऱ्हाताय.”

अण्णा बसले. मधल्या बाकावर, एका रिक्षावाल्याच्या शेजारी. साडेतीन भाकऱ्या खाल्ल्या. मध्ये फक्त एकदा “ठेचा” म्हणाले. मग ताटात पाणी ओतलं. घरीसुद्धा त्यांना असं करताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. जेवणं त्यांची गाडीतच होतात.

कट्टे न मोजताच ते गेले. रागावले असावेत. रागावले की ते बोलत नाहीत.

१७ मार्च, सोमवार

सकाळी इथला महिन्याचा हिशोब करायला बसले. अण्णांना दाखवायचा तर नीट हवा. भाडं, वीज, गॅस, गिरण, पगार, ज्वारी, शेंगदाणे. मिळाले त्यातून सगळं वजा केलं आणि अकरा हजार चारशे उरले.

काहीतरी राहिलं असणार. पुन्हा केलं. भाडं धरलं होतं. चिमणाबाईंचा पगारही धरला होता. तिसऱ्यांदा अकरा हजार तीनशे साठ आले.

संगमेशना फोटो पाठवला : ‘कुठे चुकतंय बघा ना.’ त्यांचा फोन आला.

“सौंदर्या, चुकलं नाही.”

“असं कसं? तोटा होता ना दर महिन्याला?”

“तो होता.”

“मग तो कुठे गेला?”

ते हसायला लागले. थांबेचनात. लग्नानंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत ते असे हसायचे, फोन कानापासून लांब धरावा लागेल असं. मी चिडून फोन ठेवला. पण नंतर भाजी चिरताना माझं मलाच हसू येत राहिलं. कशाचं, ते सांगता येणार नाही.

२१ मार्च, शुक्रवार

अव्वा आली! रिक्षाने, एकटी, घरात कुणाला न सांगता. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. खाली उतरून तिने आधी पाटी वाचली, आपलं नाव असलेली मोठी पाटी नव्हे, मी रंगवलेली. मग झुंबरबाईंच्या शेजारी पाटावर बसली (त्यांना कन्नड येतं हे मला आजच कळलं) आणि दोघींचं कन्नडात जे सुरू झालं ते मला तीन पानांच्या जोरावर काय कळणार! मध्येच दोघी माझ्याकडे बघून हसल्या.

“अव्वा, ऊटा?” विरूपाक्षने जेवणाचं विचारलं.

“वाढ,” ती म्हणाली. “माज्या नावाचं हाटेल काडलं तवापास्नं वाट बघत हुते, कवा जेवाय बसावं वाटंल म्हनून.”

मी तिला वाढायला घेतलं.

२५ मार्च, मंगळवार

तीन दिवस राहिले. कोठीत : ज्वारी सहा कट्टे, शेंगदाणे अडीच, हरभराडाळ एक, गुळाच्या चार ढेपा. हे तीन दिवसांत संपणार नाही, हे मला पंधरा दिवसांपूर्वीच कळायला हवं होतं. मी रोज एकाच्या मापाने दुसरं आणत गेले आणि सगळे डबे एकदम रिकामे व्हावेत अशी वाट बघत बसले.

आज शालूबाईंनी विचारलं, “बाई, म्होरल्या म्हयन्यात मी कुटं जेवू?” सहजच विचारलं, पान खाता खाता. मी आत जाऊन उगाचच डबे पुसत बसले.

इथे लिहायला हरकत नाही, ही डायरी मी आता अण्णांना दाखवणार नाही. मला ही शाखा बंद करायची नाहीये. सकाळी शटर वर करताना तो जो खडखडाट होतो, तो ऐकला की मला बरं वाटतं. बाकावर बसलेल्या अनोळखी माणसाने दुसऱ्यांदा चटणी मागितली की बरं वाटतं. पंचेचाळीस वर्षांच्या बाईने असं चटणीवरून हरखून जावं का, माहीत नाही. पण हे अण्णांना कसं सांगायचं? बावीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काही विश्वासाने सोपवलं, तेही एकच, बंद कर. सुरू ठेवायचं म्हणणं म्हणजे पुन्हा एक काम अर्ध्यावर सोडणं.

आणि जागा तर गेलेलीच आहे. पाडव्याला इथे मोबाइलचं दुकान.

२८ मार्च, शुक्रवार. दुपारचे चार

सगळं नीट लिहायला हवं, पण बाहेर अजून दोन बाक भरलेले आहेत आणि चिमणाबाई हाका मारतायत. जमेल तसं लिहिते.

साडेबाराला नृसिंहराव आले, किल्ली घ्यायला. बरोबर नवा भाडेकरू, पृथ्वीराज, तिशीतला, गॉगल. पाठोपाठ अण्णा आणि संगमेश. आत पाय ठेवायला जागा नव्हती. आज शेवटचा दिवस म्हणून अख्खा कळंबा लोटला होता.

“अहो सौंदर्याताई, किल्ली,” नृसिंहराव गर्दीच्या पलीकडून ओरडले.

“पावणं, लाईनीनं या!” झुंबरबाई.

“मी जागामालक आहे!”

“मग तर तुमाला ठाऊकच आसंल, लाईन कुटनं लागत्या ती.”

सगळे बाक हसले. नृसिंहराव रांगेत उभे राहिले. त्यांच्यामागे पृथ्वीराज, त्याच्यामागे अण्णा, त्यांच्यामागे संगमेश. वीस मिनिटं. जागा झाली तसे चौघे एका बाकावर बसले आणि मीच वाढलं. आज मुद्दाम गुळाची पोळी होती, ढेपा संपवायला.

जेवणं झाली. अण्णा म्हणाले, “हं. कोठी दाखव.”

आता सुटका नव्हती. मी दार उघडलं. कट्टे, डबे, ढेपा. काहीच लपवलं नाही.

“अण्णा,” मी म्हणाले, “मला जमलं नाही. तुम्ही बंद करायला सांगितलं होतं, मी रोज काही ना काही बंद केलंही. ॲप, दार, एसी, सोफे, टेंपो, एकशे पस्तीस पदार्थ. पण हॉटेलच बंद होईना. आणि खरं सांगायचं तर,” इथे मी आवाज मोठा केला, बाहेर ऐकू जाईल इतका, “मला ते बंद करायचंच नाही. ही जागा मला हवीय. भाडं मी देईन. निघतं तेवढं. तिसऱ्यांदासुद्धा निघालं.”

विरूपाक्ष पाण्याचा जग घेऊन कोठीच्या दाराशी आला.

नृसिंहराव म्हणाले, “ते खरं हो ताई, पण मी ह्यांचं टोकन घेतलंय. शब्द दिलाय मी.”

सगळे पृथ्वीराजकडे बघायला लागले. तो दातात काडी घालत होता. त्याने काडी काढली.

“काका, ह्याला लागून तुमचाच एक गाळा बंद हाय न्हवं? पोती ठेवलेला?”

“हाय की. पण लहान हाय.”

“मोबाइलला किती जागा लागत्या? मला त्योच द्या. हितं दिवसाला दोनशे माणूस हुबं ऱ्हातंय लाईनीत. माज्या काचंम्होरं. रिकामं हुबं ऱ्हायलं की माणूस मोबाइलच बघतंय.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “वैनी, फक्त लाईन डावीकडनं लावाय सांगा त्या मावशीला. आन् मी सांगितलं म्हणू नका, मला भ्या वाटतंय.”

हशा असा उठला की रस्त्यावरची माणसं थांबली. नृसिंहरावांनी पुढच्या अकरा महिन्यांचा करार पाडव्याच्या सकाळी करायचं कबूल केलं आणि जाताना घरच्यांसाठी दोन पोळ्या बांधून नेल्या. शालूबाईंनी, न विचारता, माझी ती सुंदर अक्षरातली पाटी उतरवून भिंतीला उलटी टेकवून ठेवली.

अण्णा मात्र कोठीतच उभे होते. कट्ट्यावर हात ठेवून. मी जवळ गेले. वाटलं, आता बोलतील. चार शाखांपैकी मी त्यांना एकही कमी करून दिली नव्हती.

त्यांनी हळूच विचारलं, “सौंदर्या, राजारामपुरीची बी बंद कराय येशील काय?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती. डोळे मात्र हसत होते, अव्वासारखे.

“तिथे कोठीत किती आहे?” मी विचारलं.

“लई हाय.”

“मग वेळ लागेल,” मी म्हणाले.